आत्याच्या गच्चीवरचं आभाळ

आधीच सांगून ठेवते, या राज्यात आज ऊन किती पडणार हे माझ्याइतकं अचूक सांगणारं माणूस दुसरं नव्हतं! हवामान खातं 'अंशतः ढगाळ' असं म्हणून मोकळं व्हायचं. अंशतः म्हणजे नेमकं कुठे? माझ्या डोक्यावर की शेजारणीच्या? मी मात्र छातीठोकपणे सांगायचे, "अकरानंतर माळावर ढग येतील, जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेकतील आणि मग जातील." आणि ढग यायचे, टेकायचे आणि जायचे! ऑफिसात माझ्या माघारी मला 'आभाळबाई' म्हणत. मला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी राज्याच्या वीज नियंत्रण कक्षात 'अंदाज' नावाच्या टेबलावर बसत असे. तुम्ही घरी बटण दाबता आणि दिवा लागतो, तेव्हा तो आपोआप लागतो असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. आमच्या राज्याची निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची. थोडी धरणांच्या पाण्याची, थोडी पवनचक्क्यांची आणि अलीकडे बराच मोठा वाटा उन्हाचा. वीज म्हणजे काही साखर नव्हे, डब्यात भरून ठेवायला! साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या येणार, येणार असं आम्ही कधीपासून ऐकतोय. त्या येईपर्यंत, जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी बनवायची. कमी पडली तर गावंच्या गावं अंधारात, जास्त झाली तर यंत्रं बोंबलायला लागतात.

त्यात ऊन हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहरी. माळावरच्या सौरप्रकल्पावर एक ढग आडवा आला की आमच्या पडद्यावरची सौर विजेची पिवळी रेघ धाडकन खाली येते. मग खरेदीच्या टेबलावरच्या बाईंनी विजेच्या बाजारातून मिळेल त्या भावाने वीज उचलायची. ती महाग वीज फिरत फिरत तुमच्या बिलात येते, आणि तुम्ही बिल हातात धरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. म्हणून ढग कधी येणार हे आधी कळायला हवं. आणि ते कळायचं फक्त मला!

आता माझी पद्धत सांगते. ऑफिसातल्यांना वाटायचं, मी उपग्रहाची चित्रं बघते. चित्रं मी बघायचे, नाही असं नाही. तांबड्या-निळ्या रेघांचा एक तक्ताही समोर उघडून ठेवायचे, शोभेला. पण ती चित्रं आमच्याकडे येईपर्यंत ढग बरसून, विरून गेलेले असत. माझी खरी पद्धत म्हणजे माझी आत्या!

माझी सख्खी आत्या त्या माळाच्या कडेला राहते. आजूबाजूला दुसरं घर नाही. काका गेल्यापासून एकटीच असते. तिच्या गच्चीवर उभं राहिलं की खाली सौरप्रकल्पाच्या काळ्या पाट्या पसरलेल्या दिसतात आणि समोर डोंगर. ढग त्या डोंगरावरूनच येतात. रोज सकाळी मी माझ्या मोबाईलवरून तिला फोन लावायचे.

"आत्या, वर काय आहे?"

"छकुले, डोंगराच्या मानेवर ढग बसलाय बघ."

म्हणजे तासाभरात प्रकल्पावर येणार. "धुणं आत घेतलं" म्हणजे ऊन निम्मं. "नुसतीच कापसासारखी ढगुली आहेत" म्हणजे काळजी नको. "गुडघे ठणकतायत" याचा काही संबंध नसायचा, ते मी सोडून द्यायचे. तिने सांगितलं की मी फोन ठेवून द्यायचे. कामाचा फोन तो! तिथे गप्पा मारत बसायला वेळ कुणाला होता?

तर अशी सगळी मौज चालली असताना आमच्या खात्याने दरवाढ मागितली. कोळसा महागला, तो आणायचा खर्च वाढला, कर्जांचे हप्ते वाढले. दरवाढ मागितली की वीज आयोग सुनावणी घेतो, लोक हरकती नोंदवतात आणि आयोग विचारतो, "आधी तुमचा खर्च कमी करा की!" यंदा आयोगाच्या डोक्यात एक कल्पना आली होती. हे अंदाजाचं टेबल बंद करावं आणि काम बाहेरच्या कंपनीला द्यावं. त्या कंपनीकडे म्हणे असं यंत्र होतं की ढगाने मनात आणलं की याला कळतं!

मला ही बातमी साहेबांनी सांगितली. साहेब आमच्या कक्षाचे प्रमुख. स्वभावाने इतके घाबरट की लिफ्टमध्ये शिरण्याआधी लिफ्टला नमस्कार करतात.

"टेबल बंद झालं तर मी कुठे जाणार, साहेब?"

"तक्रार खिडकी," साहेब म्हणाले.

तक्रार खिडकी! तळमजल्यावर, जाळीच्या आड. समोर रांग आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात बिल. तिथल्या आधीच्या माणसाने मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि आता म्हणे तो घरातही कुणी हाक मारली की दचकतो.

"आयोगाच्या अध्यक्षा स्वतः येणार आहेत," साहेब म्हणाले. "कक्षात बसून तुमचा अंदाज कसा चालतो ते बघणार. बरोबर आला तर टेबल राहील. चुकला तर... चुकणार नाही ना?"

"साहेब," मी म्हणाले, "आजवर चुकलाय का?"

अध्यक्षा येणार त्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचले तर दारात टोपली! आयोगाचा नियम, तपासणीच्या दिवशी कक्षात मोबाईल नाही. माझा मोबाईल टोपलीत गेला आणि त्याबरोबर माझा अर्धा जीवही. आत फक्त टेबलावरचे फोन. आणि टेबलावरच्या प्रत्येक फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं! पण साहेब पाहुण्यांना आणायला खाली गेले होते. मी संधी साधली, तोंडावर हात धरला आणि टेबलावरच्या फोनवरून आत्याचा नंबर फिरवला.

"कोण?"

"मी बोलतेय. आकाश निरीक्षणाबद्दल माहिती हवी होती."

"कोण आकाश? इथे कुणी आकाश राहत नाही."

"अगं आत्या, मीच! वर काय आहे?"

"छकुले होय! आवाज असा काय येतोय? थांब, गच्चीवरच आहे." थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग आत्या म्हणाली, "अंधारून आलंय गं. सगळं धूसर. डोंगर तर दिसतच नाही."

"अजिबात नाही?"

"नाहीच. पाट्यासुद्धा नीट दिसत नाहीत. फार दाटलंय."

माझा जीव भांड्यात पडला. ढग नाही असं म्हणाली असती तर दाखवायला काय उरलं असतं? ऊन पडणार हे तर कुणीही सांगेल! गेले काही आठवडे सारखंच ढगाळ होतं आणि आत्याचं रोजचं 'धूसर आहे' रोज बरोबर येत होतं. मी निर्धास्त झाले. फोन ठेवला, साडी सारखी केली आणि चेहऱ्यावर विचारमग्न भाव आणून बसले.

साहेब अध्यक्षांना घेऊन आत आले. अध्यक्षा वयाने मोठ्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आणि बघणं असं की समोरच्याला आपण शाळेत केलेल्या खोड्याही आठवाव्यात. मागच्या खुर्चीवर त्या बसल्या. साहेबांना उत्साह आवरेना.

"मॅडम, आमच्याकडे लपवाछपवी नाही!" साहेब म्हणाले. "ए, आज सगळे फोन स्पीकरवर घ्या रे! मॅडमना सगळं ऐकू आलं पाहिजे!"

मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं बाई, माझा फोन आधीच उरकला. मग उठून उभी राहिले आणि जाहीर केलं, "माळावर दाट मळभ आहे. तासाभरात सौर वीज निम्म्याच्याही खाली जाईल!"

खरेदीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पडद्यावर तर पिवळी रेघ चढतेय. आणि बाजारात आज भाव चढेच आहेत. नक्की का?"

"नक्की!"

"बघा हं. एकदा उचलली की परत करता येत नाही."

"अहो, उचला!"

त्यांनी महागाची वीज उचलली. कोळसा केंद्राला फोन गेला, 'वीज वाढवा.' धरणाच्या वीजघराला फोन गेला, 'पाणी सोडा.' सगळं राज्य माझ्या एका शब्दावर कामाला लागलं! अध्यक्षा पडद्याकडे बघत राहिल्या.

मीही बघत राहिले. पिवळी रेघ खाली यायला हवी होती. ती वर चालली होती.

"येईल, येईल," मी म्हणाले. "ढग जरा रेंगाळतात."

रेघ आणखी वर गेली. साहेब माझ्या कानाशी आले. "अहो, ढग कुठायत?"

"वाटेत आहेत, साहेब."

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रिक्वेन्सीचा आकडा लाल झाला आणि टुंइ टुंइ असा आवाज सुरू झाला. वीज जास्त झाली होती! उन्हाची भरभरून, त्यावर कोळशाची, त्यावर पाण्याची, त्यावर विकत घेतलेली. कोळसा केंद्राला पुन्हा फोन लागला. स्पीकरवरून तिथला इंजिनियर कडाडला, "आत्ता वाढवा म्हणालात, आता कमी करा म्हणता! बॉयलर म्हणजे काय गॅसची शेगडी आहे का, बटण फिरवलं की मंद व्हायला?" धरणवाले म्हणाले, "पाणी निघालं खाली. आता काय हाक मारून परत बोलवू?" पवनचक्कीवाल्यांना पाती थांबवायला सांगितलं तर त्यांनी आधी आम्हाला ऐकवलं आणि मग थांबवली. खरेदीबाई एका हाताने कपाळ धरून, मघाशी महागात घेतलेली वीज कवडीमोलाने विकत बसल्या होत्या.

शहाण्या माणसाने इथे हात वर केले असते. मी काय केलं? मी म्हटलं, "मीटर बिघडलाय!"

"काय?" साहेब.

"सौरप्रकल्पाचा मीटर! माळावर अंधार असताना एवढी वीज येईलच कशी? मीटर खोटं दाखवतोय!"

सांगते ना, आत्यावर माझा इतका विश्वास होता की पडदा, फ्रिक्वेन्सी आणि अख्खं राज्य खोटं आणि आत्या खरी! मी तावातावाने सौरप्रकल्पाला फोन लावला. तिथल्या इंजिनियरने उचलला. आवाज स्पीकरवर.

"तुमचा मीटर तपासा," मी म्हणाले. "तुमच्याकडे दाट मळभ असताना—"

"कसलं मळभ? मॅडम, इथे ऊन मी म्हणतंय!"

"खिडकीतून सांगू नका. बाहेर जाऊन बघा!"

"बाहेरच आहे. डोक्यावर रुमाल बांधून उभा आहे. चिटपाखरू नाही आभाळात, ढग कुठला!"

"शक्यच नाही. आमच्या माळावरच्या निरीक्षण केंद्राने आत्ताच कळवलंय!"

अध्यक्षांनी मान वर केली. "असं केंद्र आहे तुमचं?"

"आहे ना!" साहेब म्हणाले. त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं होतं.

"कुठलं केंद्र?" इंजिनियर हसायला लागला. "मॅडम, या माळावर एकच घर आहे. तिथे एक आजी राहतात, बस. आणि त्यांना तर बिचाऱ्यांना काही दिसत नाही. परवा आमच्या गेटजवळच्या सूचना-फलकाला 'अहो दादा' म्हणून कितीतरी वेळ वाट विचारत होत्या. फलक उत्तर देईना म्हणून रागावल्या. मीच मग हात धरून घरी सोडलं."

हे मळभ आभाळात नव्हतंच! ते आत्याच्या डोळ्यांत दाटलं होतं. गेले काही आठवडे खरंच ढगाळ होतं म्हणून कुणालाच कळलं नाही. मला तर नाहीच! आणि दुसऱ्याच क्षणी मला टेबल, खिडकी, आयोग, सगळ्याचा विसर पडला, कारण एकच गोष्ट आठवली. आत्याच्या गच्चीला कठडा नाही.

रोज सकाळी ती बाई भिंत चाचपत तो जिना चढत होती. माझ्यासाठी! आत्ताही ती तिथेच उभी होती.

मी टेबलावरच्या दुसऱ्या फोनकडे झेपावले तोच तो वाजला. साहेबांनी लगबगीने स्पीकरचं बटण दाबलं.

"छकुले!" आत्याचा आवाज अख्ख्या नियंत्रण कक्षात घुमला. "मघाशी तुला नीट सांगितलं नाही म्हणून चुटपुट लागली. तुझ्या कामाचं असतं ना. आता मी जरा पुढे होऊन, कडेला जाऊन बघते हं!"

"आत्या, हलू नकोस!!" मी एवढ्या जोरात किंचाळले की टुंइ टुंइ करणारं यंत्रसुद्धा क्षणभर गप्प झाल्यासारखं वाटलं. "आहेस तिथेच थांब! खाली बस! बस आधी!"

"अगं, ऊन लागतंय बसल्यावर."

"म्हणजे ऊन आहे!" साहेब किंचाळले.

"साहेब, गप्प बसा हो!" हे मी म्हणाले. वरिष्ठांना. रेकॉर्डिंग चालू असताना.

पहिल्या फोनवर सौरप्रकल्पाचा इंजिनियर अजून होता. "पळा!" मी त्याला म्हणाले. "त्या आजींच्या घरी पळा! त्या गच्चीच्या कडेला आहेत!" धपाधप पावलं वाजली आणि मग नुसता वारा. आत्याला बोलण्यात गुंतवायला हवं होतं आणि मी नुसतीच 'आत्या, आत्या' करत होते.

तेव्हा अध्यक्षा उठल्या. मला खुर्चीत बसवलं आणि फोनजवळ वाकल्या.

"आजी, बसलात ना? बसूनच बोलू या."

"बसले हो. तुम्ही कोण?"

"मी वीज आयोगाची अध्यक्ष."

"अगंबाई!" आत्याचा आवाज एकदम तरतरीत झाला. "बरं झालं भेटलात! मला विचारायचंच होतं तुम्हाला. माझ्या दारासमोर तुम्ही एवढा सूर्य पकडून ठेवलाय. तो सूर्य काही तुम्ही विकत आणला नाही. मग माझं बिल कशाला वाढतंय?"

खरेदीबाईंनी मान खाली घातली. साहेबांनी छताकडे पाहिलं.

"त्याचं असं आहे आजी," अध्यक्षा म्हणाल्या, "ऊन फुकट असलं तरी ते संध्याकाळी मावळतं. आणि लोक दिवे लावतात ते संध्याकाळीच. तेव्हा कोळसा जाळावा लागतो, आणि कोळसा महाग झालाय."

"मग दिवसा का नाही स्वस्त देत? मी दिवसा दळण करीन, दिवसा पाणी चढवीन. सांगितलंत का कधी मला?"

"नाही सांगितलं," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि चक्क लिहून घेतलं.

साहेबांना वाटलं, आपणही काही हातभार लावावा. ते सवयीने स्पीकरपाशी वाकून म्हणाले, "आजी, आत्ता ढग आहेत का हो?"

"थांबा, उठून बघते!"

"नाही!!!" सगळा कक्ष एका सुरात ओरडला. खरेदीबाईंनी साहेबांना अक्षरशः दंडाला धरून मागे ओढलं.

"बसा आजी, बसा," अध्यक्षा म्हणाल्या. "आणखी एक कारण सांगते. दिवसासुद्धा कधी ढग येतात. ते कधी येणार याचा अंदाज चुकला की आयत्या वेळी महाग वीज घ्यावी लागते. तो भुर्दंड शेवटी तुमच्याच बिलात."

"अंदाज चुकतो?" आत्या कडाडली. "मग तो अंदाज करणारा कोण आहे, त्याला आधी काढून टाका की! आम्ही का भरायचं त्याच्या चुकीचं?"

मी टेबलावर डोकं टेकलं.

"नोंद घेतली आजी," अध्यक्षा म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

त्यानंतर धापा टाकल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली आणि इंजिनियर म्हणाला, "धरलं! आजींचा हात धरला!" आत्या त्याला विचारत होती, "कोण रे तू? मघापासून ही लोकं मला उठूच देत नाहीत." कक्षात टाळ्या वाजल्या. कोळसा केंद्राची लाईन कुणीच बंद केली नव्हती, तिथूनही टाळ्या ऐकू आल्या. मी मात्र भर ऑफिसात, अध्यक्षांसमोर, हुंदके देऊन रडत होते. मला लाज वाटली नाही. इतकी घाबरले होते मी की लाज वाटायला जागाच नव्हती.

दुपारीच रजा टाकून मी माळावर पोचले. आत्या खुर्चीत बसली होती. मी दारात उभी राहिले तर तिने विचारलं, "कोण आहे?"

"आत्या, अगं तुला दिसत नाही हे सांगितलं का नाहीस मला?"

ती म्हणाली, "दिसत नाही म्हटलं असतं, तर तू फोन कशाला केला असतास?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. पुढचे काही आठवडे आत्या माझ्याकडे होती. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर तिने माझ्या घरातली जळमटं एकेक करून मोजून दाखवली. आयोगाचा निकालही त्याच सुमारास लागला. दरवाढ झाली, पण मागितली होती त्यापेक्षा कमी. दुपारच्या विजेला वेगळा, स्वस्त दर. आणि 'सुनावणीदरम्यान एका ज्येष्ठ महिला ग्राहकाने नोंदवलेल्या हरकतीचा विचार करून' अंदाजाचं टेबल बंद, काम बाहेरच्या कंपनीकडे. फोन रेकॉर्ड झाला होता ना! ती कायदेशीर हरकत ठरली. आत्याने वर्तमानपत्रात ते स्वतः वाचलं आणि म्हणाली, "बघ, एक बाई बोलली म्हणून ऐकलं त्यांनी!" ती एक कोण, हे मी तिला सांगितलं नाही.

तर सध्या मी जाळीच्या आड बसते. रांगेतला पहिला माणूस काय बोलणार हे मला आता अचूक सांगता येतं, त्याला उपग्रह लागत नाही. आत्या परत माळावर गेली. तिच्या गच्चीला मी कठडा बांधून घेतला. त्या कठड्याला कंपनीने आभाळाचे फोटो काढणारा एक महागडा कॅमेरा बसवला. माळावरच्या धुळीने तो आठवड्यात आंधळा झाला. कंपनीवाले पुसून गेले, पुन्हा झाला. आता कंपनीची माणसं रोज सकाळी आत्यालाच फोन करतात.

मीही करते रोज. अगदी खरंच, आता काही काम नसताना करते. पण माझ्या चहाच्या सुट्टीत तिचा फोन हमखास व्यस्त! परवा एकदाचा लागला तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आत्या, ढग आहे की नाही एवढंच तर सांगायचं असतं. इतका वेळ काय बोलतेस गं त्या लोकांशी?"

"आभाळाचं एका वाक्यात होतं गं," आत्या म्हणाली. "उरलेला वेळ ते माझी विचारपूस करतात."